लेसर शस्त्रक्रियेपूर्वी शंकुरूप कॉर्नियाचे पूर्वनिदान : एक ऐतिहासिक अभ्यास (पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी केल्या जाणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेपूर्वी कॉर्नियाच्या शंकुरूप विकृतीचा, म्हणजेच केरॅटोकोनसचा, शोध घेणे आज आवश्यक मानले जाते. हा दंडक शस्त्रक्रियेबरोबर जन्मास आलेला नाही. आजाराची ओळख जुनी, शस्त्रक्रिया नवी आणि या दोहोंची सांगड मात्र अपायाच्या अनुभवानंतर घातली गेली, असे इतिहासावरून दिसते. प्रस्तुत लेखात निदानसाधनांच्या विकासाचा आढावा घेतला असून, महाराष्ट्रातील उपलब्ध पाहणीच्या आधारे पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील तरुणांसाठी त्या इतिहासाचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कॉर्निया, केरॅटोकोनस, लेसिक, पूर्वनिदान, रेटिनोस्कोपी, टोपोग्राफी, पालघर जिल्हा.

प्रस्तावना :
डोळ्याच्या पुढील भागावरील घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया होय. मराठी शास्त्रीय लेखनात त्यास स्वच्छमंडल असेही म्हणतात. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे सुमारे दोनतृतीयांश वक्रीभवन याच पडद्यामुळे घडते. मध्यभागी त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. केरॅटोकोनस या विकारात हा पडदा हळूहळू पातळ होतो व बहुधा मध्यबिंदूच्या थोडा खाली शंकूसारखा पुढे येतो. विकार सामान्यतः किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढत राहतो. आरंभी रुग्णास एवढेच जाणवते की, चष्म्याचा नंबर वारंवार बदलत आहे, सिलिंडरचा नंबर वाढत आहे आणि नवा चष्मा घेऊनही अक्षरे स्वच्छ दिसत नाहीत.

नेमक्या याच तक्रारी घेऊन अनेक तरुण लेसर शस्त्रक्रियेकडे वळतात. चष्म्याने समाधान होत नाही म्हणून चष्मा घालवू इच्छिणाऱ्या या व्यक्तींमध्ये केरॅटोकोनसचे सुप्त रुग्ण असण्याचा संभव अधिक असतो. ज्याला शस्त्रक्रियेची ओढ अधिक, त्यालाच तिचा धोका अधिक, असा हा विरोधाभास आहे. प्रस्तुत विषयाचे महत्त्व त्यातच आहे.

आजाराची ओळख व आरंभीची साधने :
कॉर्नियाचा आकार तिच्यावर पडणाऱ्या प्रतिबिंबावरून ओळखता येतो, ही कल्पना चार शतके जुनी आहे. १६१९ मध्ये क्रिस्टोफ शायनर या जर्मन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने खिडकीचे डोळ्यातील प्रतिबिंब निरनिराळ्या आकाराच्या काचेच्या गोळ्यांवरील प्रतिबिंबाशी ताडून कॉर्नियाच्या वक्रतेचा अंदाज घेतला. शंकुरूप कॉर्नियाचे पहिले सविस्तर विवेचन लिव्हरपूलचे शल्यविशारद जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये ग्रंथरूपाने केले. याच दशकात हेल्महोल्ट्झ यांनी कॉर्नियाची वक्रता मोजणारे उपकरण सिद्ध केले. आजचे केरॅटोमीटर हे त्याचेच वंशज होय.

केरॅटोमीटरला मात्र एक अंगभूत मर्यादा होती व आहे. ते कॉर्नियाच्या मध्यभागातील सुमारे तीन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावरील मोजक्या बिंदूंचेच मापन करते. शंकू मध्यबिंदूच्या खाली असल्यास आरंभीच्या अवस्थेत हे माप निर्दोष येऊ शकते.

या काळात दुसरीही एक वाट तयार होत होती. १८५९ मध्ये लंडनचे विल्यम बोमन यांना नेत्रदर्शकाच्या आरशाने प्रकाश टाकला असता काही डोळ्यांत विशिष्ट रेषाकृती छाया दिसली. फ्रान्सचे लष्करी वैद्य फर्डिनंद क्युइन्ये यांनी १८७३ मध्ये अशा छायेच्या हालचालीवरून चष्म्याचा नंबर ठरविण्याची पद्धत मांडली. तीच पुढे रेटिनोस्कोपी म्हणून रूढ झाली. शंकुरूप कॉर्नियात या छायेचे दोन भाग कात्रीच्या पात्यांप्रमाणे उघडझाप करताना दिसतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या या पद्धतीला हातात मावणारे एक साधन आणि सराव झालेली नजर एवढेच लागते.

१८८० मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो येथील अँटोनियो प्लासिडो यांनी काळ्यापांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची तबकडी तयार केली. तिच्या मध्यभागीच्या छिद्रातून पाहिले असता कॉर्नियावर उमटलेली वर्तुळे दिसत. ती सुडौल असल्यास कॉर्निया निर्दोष आणि एका बाजूस दाटलेली वा ओढलेली असल्यास विकृत, असा निष्कर्ष निघे. स्वीडनचे अल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १८९६ मध्ये अशा वर्तुळांच्या छायाचित्रांवरून वक्रतेचे गणित मांडले. पुढे १९११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले व त्याच वर्षी त्यांनी स्लिट लॅम्पचा मूळ आराखडा सादर केला. १९०६ मध्ये फ्लायशर यांनी शंकूच्या पायथ्याशी आढळणाऱ्या लोहमिश्रित वर्तुळाचे वर्णन केले होते. स्लिट लॅम्पमुळे अशी चिन्हे स्पष्ट दिसू लागली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९३८ हे होय. त्या वर्षी स्वित्झर्लंडचे मार्क आम्सलर यांनी प्लासिडो तबकडीच्या साहाय्याने केरॅटोकोनसच्या अर्धस्फुट रूपाचे वर्णन केले. स्लिट लॅम्पखाली कोणतेही चिन्ह नाही, रुग्णाची फारशी तक्रारही नाही, तरीही प्रतिबिंबात किंचित विषमता आहे, अशी ही अवस्था होती. त्या काळी या निरीक्षणाचा उपयोग मर्यादित होता. आरंभीच्या विकारास चष्मा वा स्पर्शभिंग आणि वाढलेल्या विकारास कॉर्नियारोपण, एवढेच उपाय उपलब्ध होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मरणोत्तर नेत्रदानास कायद्याची चौकट देणारा मुंबई कॉर्नियारोपण कायदाही १९५७ मध्ये आला. वाढ थांबविण्याचा उपाय नसताना पूर्वनिदान ही केवळ शास्त्रीय जिज्ञासेची बाब राहिली, यात नवल नाही.

लेसरचा उदय आणि उशिरा आलेले भान :
१९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन व सॅम्युअल ब्लम यांना असे आढळले की, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सजीव ऊतींचा अतिसूक्ष्म थर आजूबाजूचा भाग न भाजता दूर करू शकतो. श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी कॉर्नियावरील प्रयोग प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली. १९९० मध्ये ग्रीसचे इओआनिस पालिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलून आतील थरावर लेसर चालविण्याची पद्धत पुढे आणली. तीच आज लेसिक या नावाने सर्वपरिचित आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ मध्ये नंबर घालविण्यासाठी एक्सायमर लेसरला मान्यता दिली आणि या दशकात ही शस्त्रक्रिया भारतातील मोठ्या शहरांतही पोहोचली.

लेसर कॉर्नियात नवे काही घालत नाही. तो तिच्यातून काढून घेतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रचलित सूत्रानुसार सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात प्रत्येक डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. उणे सहा नंबरच्या व्यक्तीच्या कॉर्नियाची जाडी ५२० मायक्रॉन असेल, तर पापुद्र्याचे सुमारे ११० आणि लेसरचे ७२ मायक्रॉन वजा जाता ३३८ मायक्रॉनचा थर भार पेलण्यास उरतो. निरोगी कॉर्नियास तो पुरेसा ठरतो. मूळचा धागाच कमकुवत असेल तर मात्र तोच थर डोळ्यातील दाबाने पुढे झुकू लागतो.

हे प्रत्यक्षात घडते याची शास्त्रीय नोंद १९९८ मध्ये झाली. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसिकनंतर कॉर्निया फुगत गेल्याच्या घटना प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एका रुग्णात शस्त्रक्रियेपूर्वीच अर्धस्फुट केरॅटोकोनस होता. आम्सलर यांनी साठ वर्षांपूर्वी वर्णिलेली अवस्था आता जिज्ञासेची बाब राहिली नाही. शस्त्रक्रिया करावी की नाकारावी, हा निर्णय तिच्यावर अवलंबून राहू लागला. लेसिकनंतर अशी विकृती येण्याचे प्रमाण विविध अहवालांत ०.०४ ते ०.६ टक्के सांगितले गेले आहे. टक्केवारी अल्प आहे. परंतु हा अपाय निरुपाय म्हणून शस्त्रक्रिया स्वीकारलेल्या रुग्णाचा नव्हे. चष्म्याने ज्याचे काम भागत होते, अशा तरुणाचा तो आहे.

साधने तोवर अस्तित्वात नव्हती असे म्हणता येत नाही. स्टीफन क्लाइस यांनी १९८४ मध्येच प्लासिडो वर्तुळांच्या संगणकीय विश्लेषणाची पद्धत मांडली होती व पुढे तिला रंगीत नकाशांचे रूप मिळाले. १९८९ मध्ये रॅबिनोविट्झ व मॅकडोनेल यांनी कॉर्नियाच्या वरच्या व खालच्या भागांतील वक्रतेचा फरक मोजून केरॅटोकोनस ओळखण्याचे निकष दिले. १९९४ मध्ये विल्सन व क्लाइस यांनी शस्त्रक्रियेपूर्वी अशा चाळणीची गरज प्रतिपादन केली. तथापि साधन असणे आणि ते प्रत्येक इच्छुकावर कसोशीने वापरणे यांत अंतर होते. त्या अंतरातच पहिले अपाय घडले.

त्यानंतरच्या काळात तपासणीचा रोख तीन दिशांनी विस्तारला. पहिली दिशा कॉर्नियाच्या मागील पृष्ठभागाची. प्लासिडो तबकडी केवळ पुढील पृष्ठभाग दाखवते. १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेली फटीसदृश प्रकाशाने चित्रण करणारी यंत्रे आणि २००० नंतर आलेले शाइमफ्लुग कॅमेरे यांमुळे मागील पृष्ठभाग व सर्वत्रची जाडी यांचे नकाशे मिळू लागले. दुसरी दिशा एकत्रित मूल्यमापनाची. २००८ मध्ये अमेरिकेतील रँडलमन व सहकाऱ्यांनी टोपोग्राफी, उरणारा थर, वय, कॉर्नियाची जाडी व नंबर या पाच घटकांची गुणपद्धती मांडली. नकाशा निर्दोष असूनही अल्पवय हा स्वतंत्र धोका ठरतो, हे तिने अधोरेखित केले. तिसरी दिशा कॉर्नियाच्या बळाची. हवेच्या झोताने कॉर्निया किती दबते व कशी सावरते, याचे मापन करणारे उपकरण २००५ पासून उपलब्ध झाले.

या वाटचालीत २००३ हे वर्षही निर्णायक ठरले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वोलेन्साक, श्पोर्ल व झायलर यांनी रिबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वापैकी एक, आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने कॉर्नियातील धागे परस्परांशी घट्ट जोडण्याची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. क्रॉसलिंकिंग या नावाने ती ओळखली जाते. विकाराची वाढ रोखणे बहुतेक रुग्णांत शक्य झाल्याने पूर्वनिदानास दुहेरी प्रयोजन लाभले. शस्त्रक्रियेतून वगळलेली व्यक्ती आता केवळ 'अपात्र' ठरत नव्हती. तिला वेळेवर उपचारही मिळू शकत होता.

महाराष्ट्रातील पाहणी : संख्या व साधन
हा विकार किती आढळतो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या साधनाने पाहिले त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३५ ते १९८२ या काळातील नोंदींवरून १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण लाखात ५४.५ आढळले. तेथे निदान मुख्यतः रेटिनोस्कोपी व केरॅटोमीटर यांवर आधारलेले होते. नेदरलँड्समधील विमानोंदींच्या २०१७ च्या अभ्यासात ते ३७५ व्यक्तींमागे एक, म्हणजे लाखात सुमारे २६५ निघाले.

महाराष्ट्रातील महत्त्वाची पाहणी नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झाली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या प्रकल्पात तीस वर्षे व त्यावरील ४,७११ व्यक्तींचा समावेश होता. योस्ट योनास, विनय नांगिया व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तेथे केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के होते. मिनेसोटाच्या आकड्याच्या ते सुमारे चाळीसपट भरते. मात्र या पाहणीत ४८ डायॉप्टर वा अधिक वक्रता हाच निकष होता व मापन केरॅटोमीटरने केले होते. एखादी कॉर्निया उपजतच अधिक वक्र पण सुडौल असू शकते. ती या निकषात गणली जाईल. उलटपक्षी, मध्यबिंदूच्या खाली दडलेला आरंभीचा शंकू निसटून जाईल. म्हणून हा आकडा अंतिम मानता येत नाही आणि दुर्लक्षिताही येत नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आशियाई वंशाच्या लोकांत हा विकार श्वेतवर्णीयांच्या सुमारे चौपट व कमी वयात आढळला होता. भारतीय तरुणाच्या तपासणीत पाश्चात्त्य आकड्यांवर विसंबून 'हा आजार विरळच' असे गृहीत धरणे युक्त नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पालघर व बोईसर-तारापूर : स्थानिक संदर्भ
पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्याच्या किनारपट्टीवर तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले आणि लगतच्या बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांच्या आधाराने येथे देशाच्या विविध भागांतून आलेला तरुण कामगारवर्ग स्थिरावला. जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासीबहुल तालुके आहेत. एकाच जिल्ह्यात नेत्रतपासणीच्या गरजांचे असे दोन भिन्न स्तर नांदतात.

बोईसर हे पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या व मुंबईतील विशेष उपचार अधिक आवाक्यात आले. परंतु प्रवासाचा एक दिवस म्हणजे कामगाराचा एका दिवसाचा रोज. त्यामुळे तपासणी व शस्त्रक्रिया एकाच खेपेत उरकावी, ही इच्छा स्वाभाविक ठरते. पूर्वनिदानाचे शास्त्र मात्र घाईशी जुळत नाही. स्पर्शभिंग वापरणाऱ्याने ते काही दिवस, कडक भिंग असल्यास काही आठवडे, बंद ठेवल्याशिवाय कॉर्नियाचा खरा आकार नकाशात उमटत नाही. भिंगाच्या दाबाने उमटलेली विषमता कधी केरॅटोकोनसचा आभास निर्माण करते, तर कधी खरी विकृती झाकते. संशयित नकाशाची सहा महिन्यांनी वा वर्षाने पुनर्तपासणी करणे हाही निदानाचाच भाग होय.

या परिसराचा एक ऐतिहासिक संबंध येथे नमूद करणे आवश्यक आहे. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू करण्यात आला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० स्थितींसाठी तपासणी, ही त्याची मूळ योजना. दृष्टिदोष हा त्यांपैकी एक आहे. केरॅटोकोनसचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. दृष्टितक्त्यावर अक्षरे वाचून घेणाऱ्या तपासणीकडून कॉर्नियाच्या नकाशाची अपेक्षा ठेवणेही रास्त नव्हे. परंतु विकाराचा आरंभ नेमका याच वयात होतो. चष्मा लावूनही ज्या विद्यार्थ्याची दृष्टी पूर्ण होत नाही, ज्याचा सिलिंडरचा नंबर वर्षभरात लक्षणीय वाढतो किंवा जो ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळतो, त्यास रेटिनोस्कोपीसाठी पुढे पाठविणे एवढी जोड दिल्यास या चाळणीचे मोल वाढेल. डोळे चोळण्याचा या विकाराशी संबंध असल्याचे २०१५ च्या जागतिक तज्ज्ञमंडळाच्या मतैक्यातही मान्य करण्यात आले आहे.

येथे चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्यांचे महत्त्वही ध्यानात येते. महागडे यंत्र डोळ्याची आजची स्थिती दाखवते. ओळीने ठेवलेल्या तीन-चार वर्षांच्या चिठ्ठ्या डोळ्याची वाटचाल दाखवतात. नंबर स्थिर आहे की नाही, हा शस्त्रक्रियेपूर्वीचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मुंबईतील यंत्रापाशी नसते, ते पालघर वा बोईसरच्या चष्म्याच्या दुकानात आणि घरच्या फाइलीत असते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) केरॅटोकोनसच्या सुप्त अवस्थेचे ज्ञान १९३८ पासून उपलब्ध होते. तथापि लेसर शस्त्रक्रियेच्या संदर्भात त्याचे महत्त्व १९९८ नंतर, अपायाच्या नोंदींमुळे, सर्वमान्य झाले.

२) साधन बदलले की आजाराची व्याप्तीही बदललेली दिसते. नागपूर परिसरातील पाहणीचा आकडा याच दृष्टीने वाचणे आवश्यक आहे. तो पालघरला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, परंतु सावधगिरीस तो पुरेसा आधार आहे.

३) आधुनिक यंत्रांनी निदान सूक्ष्म केले, पण संशयाची पहिली खूण आजही रेटिनोस्कोपीतील छाया आणि बदलता नंबर यांतून मिळू शकते. ही साधने तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करणे शक्य आहे.

४) पूर्वनिदान हे एका दिवसाचे काम नाही. दूरच्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांसाठी तपासणी व शस्त्रक्रिया यांच्या खेपा वेगळ्या ठेवणे हिताचे ठरते.

लेसर शस्त्रक्रिया नाकारली जाणे ही तरुणास निराशेची बाब वाटते. चष्म्याविना नोकरी मिळावी वा कारखान्यात चष्म्यावर गॉगल चढवावा लागू नये, ही त्याची अपेक्षा अवाजवी नसते. परंतु वेळीच मिळालेला नकार हा या शास्त्राने अनेक डोळ्यांच्या किमतीवर मिळविलेल्या शहाणपणाचा भाग आहे. असा नकार देणाऱ्या डॉक्टराने त्याच बैठकीत पुढील तपासणीची तारीख आणि उपचाराची दिशा सांगितली, तर बोईसरहून आलेल्या तरुणाची ती खेप वाया गेली असे म्हणता येणार नाही.